पाणी मारताना

ओइवा केत्तुनेन शिट्टी गळ्यात घालत नसे,
काखेत ठेवायचा, शर्टाच्या आत.
उणे पंचविसात धातू ओठाला चिकटतो
आणि सुटताना कातडी घेऊन सुटतो,
हे त्याला नवव्या वर्षीच कळलेलं,
वार्काउसच्या कागद गिरणीमागच्या तळ्यावर.
खालच्या ओठावरचा तो पांढरा डाग
पत्रकारांना मारामारीतला वाटायचा.
तो वाटू द्यायचा.

मी त्याच्या पोरांच्या स्केटना धार लावत आलो,
एकोणीस हिवाळे, चार गावं, सहा अध्यक्ष.
म्हणून सांगतो, तो ओरडायचा नाही.
दोन सत्रं मार खाऊन पोरं आत आली
की फळ्याकडे तोंड करून चुंबक सरकवत राहायचा.
निळा पाच नंबर कुठल्याशा बसमध्ये हरवला होता,
त्या जागी कोटाचं बटण.
बटण काही फळ्याला चिकटत नाही.
ते अंगठ्याने दाबून धरून
उरलेला सगळा डाव तो एका हाताने समजवायचा.
मी दोनदा नवा चुंबक आणून दिला.
दोन्हीदा खिशात टाकला, आभार मानले,
आणि बटण दाबून धरलं.

पोरांचं पाणी जोखायची रीत एकच:
सराव संपल्यावर कोपऱ्यातल्या चकत्या
न सांगता कोण गोळा करतो.
साउली करायचा. गोलरक्षक. अंगावर एवढं ओझं असून, वाकून वाकून.

मग तो सातवा सामना.
एका गोलाने मागे, दीड मिनिट शिल्लक.
ओइवाने हात वर केला: साउली, बाहेर ये,
तुझ्या जागी आणखी एक हल्ला करणारा.
साउलीने एकदा मागे जाळ्याकडे पाहिलं
आणि आला.
त्यांच्या कुणीतरी पलीकडच्या टोकाहून, न बघता, चकती भिरकावली.
ती घरंगळत आली. इतकी सावकाश
की बाकावरच्या पोरांना तिच्यावरचा शिक्का वाचता आला असता.
आमचं जाळं रिकामं होतं.

अध्यक्ष म्हणाले, सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं.
मला भलत्या वेळी हसू आलं:
बर्फावर पोट असलेल्या माणसाला
पाणी पडल्याचं भय कसलं?
नारळ मात्र मिळाला, फोनवर, पार्किंगमध्ये.
इंजिन ऊबदार ठेवणारी वायर काढायची राहिली,
तो तसाच निघाला,
वायर मागे फरफटत गेली, तिसऱ्या सिग्नलपर्यंत.

नंतर हंगेरी, दोन हिवाळे.
ओइवा चार शब्द बोलायचा,
दुभाषा त्याची दहा मिनिटं करायचा, हातवारे करून.
संघ जिंकू लागला.
दुभाषा काय सांगत होता, हे आम्हाला आजतागायत ठाऊक नाही.
हेल्वीने प्रत्येक गावात तेच पडदे लावले,
प्रत्येक गावात ते आखूड पडले.
शेवटच्या घरात तिने लावलेच नाहीत.

आता तो अडुसष्टचा.
शाळेच्या मैदानावर रात्री पाणी मारतो,
सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी.
एक थर. थांबायचं. पुन्हा एक थर.
घाई केली की खाली हवा राहते, सकाळी फुटतं.
नळी अग्निशमन दलाची. घेऊन येतो साउली,
तिथेच नोकरीला आहे, पोट सुटलंय.
त्या सामन्याबद्दल दोघे बोललेले मी ऐकलं नाही.
कॉफीबद्दल बोलतात. गुडघ्यांबद्दल.

काल रात्री उणे अठरा होतं.
गोलाचे दोन खांब रोवले होते, जाळं अजून लावायचं होतं.
साउली उगाच त्यांच्या मधे जाऊन उभा राहिला,
हात खिशात.
ओइवा नळी घेऊन तिथवर आला.
"सरक," म्हणाला.
साउली सरकला नाही.
मी धारेच्या दगडावर थुंकी टाकून
फार कामात असल्यासारखं केलं.

बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
मग ओइवाने नळी खाली धरली
आणि त्याच्या बुटांभोवतीनं,
झाडाला घालतात तसं, जपून पाणी फिरवलं.

सकाळी पोरं विचारत होती,
गोलापुढे हे दोन खड्डे कुणाचे.